उघड्या हातातलं एक किलो

विज्ञानाच्या दारात स्त्री-पुरुष असा भेद नसतो. तिथे प्रवेश फक्त सत्याला असतो. हे वाक्य मापन संस्थेच्या समितीने एकमताने मंजूर केलं. समितीत अकरा पुरुष होते. बैठकीचा वृत्तांत लिहून घ्यायला एक बाईही होती. तिने ते वाक्य लिहून घेतलं, पण मत दिलं नाही, कारण तिला मत नव्हतं. म्हणजे मत असेल. ते द्यायचा अधिकार नव्हता.

समिती बसली होती ती साठ चित्रांमुळे. जवळच्या मुलींच्या शाळेत नववीच्या वर्गाला 'शास्त्रज्ञाचं चित्र काढा' असं सांगितलं होतं. चोपन्न मुलींनी एक म्हातारा काढला: विस्कटलेले केस, चष्मा, हातातल्या चंबूतून निघणारा धूर. तिघींनी तोच म्हातारा काढून शेजारी कपबशी घेतलेली त्याची बायको उभी केली. दोघींनी बाई काढली होती, पण तिच्या हातात धूर नसल्यामुळे ती परिचारिका असावी असं समितीचं मत पडलं. एकीने मांजर काढलं. ते 'इतर' या रकान्यात गेलं.

समिती हादरली. मुलींसमोर आदर्श नाही, असा निष्कर्ष निघाला. आदर्श तातडीने उभा करायचा ठरलं आणि सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. संस्थेत बायका तीन. एक आस्थापना विभागातली, तीच वृत्तांत लिहिणारी, एक बाळंतपणाच्या रजेवर आणि तिसरी तराजूबाई. रजेवरच्या बाईंचं नाव आधी पुढे आलं, कारण बाळासकट फोटो छान आला असता. पण त्यांनी फोन उचलला नाही. तेव्हा आदर्श तराजूबाई झाल्या.

तराजूबाई हे अर्थात त्यांचं नाव नव्हतं. पण एकोणीस वर्षं तळमजल्याच्या शेवटच्या खोलीत एका तराजूपाशी काढल्यावर खरं नाव पगारपत्रकापुरतं उरतं. खोलीला खिडकी नव्हती, दारं मात्र दोन होती, एकामागे एक. तराजू इतका नाजूक की शेजारी माणूस नुसता उभा राहिला तरी त्याच्या अंगाच्या उष्णतेने काटा बिचकायचा. म्हणून तराजूबाई वजनं आत ठेवून बाहेरच्या खोलीत येऊन बसत आणि भिंतीतल्या काचेतून, छोट्या दुर्बिणीने आकडे वाचत. दुपारी जेवायला जातानाही त्या दोन्ही दारं इतक्या हळू लावत, की आत कुणी तान्हं बाळ निजलंय असं नव्या माणसाला वाटे.

आत निजलेलं होतं ते संस्थेचं संदर्भ-वजन. बरोबर एक किलो, पोलादी, दोन काचेच्या झाकणांखाली. बाकीची सगळी वजनं त्याच्याशी ताडून पाहायची. म्हणजे बाजारातल्या काट्यापासून औषधाच्या कारखान्यापर्यंत सगळ्यांचा शब्द शेवटी याच्या शब्दावर अवलंबून. त्याला हात लावायचा नसतो. बोटाच्या ठशालाही वजन असतं. ते उचलायचं असेल तर हातमोजे घालून, मऊ चामडं लावलेल्या चिमट्याने, आणि शक्यतो श्वास दुसरीकडे सोडून. एकोणीस वर्षांत तराजूबाईंनी त्याला एकदाही उघडा हात लावला नव्हता. स्वतःच्या नवऱ्याबद्दल त्यांना एवढी खात्री देता आली नसती, की त्याला कुणी हात लावला नाही. वजनाबद्दल देता येत होती.

त्या या धंद्यात आल्या त्याही एका दारामुळे. कॉलेजात असताना त्यांच्या वर्गाला दुसऱ्या गावातली प्रयोगशाळा दाखवायला नेलं होतं. चाळीस मुलं-मुली, तीन प्राध्यापक, पुढे विभागप्रमुख. आत एक बाई दुर्बिणीला डोळा लावून पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही. नुसतं म्हणाल्या, "दार लावा." आणि विभागप्रमुखांसकट सगळी वरात उलट्या पावली बाहेर आली, दार लागलं. पुढे नोकरीच्या अर्जात तराजूबाई 'लहानपणापासून विज्ञानाची ओढ' असं लिहीत. खरं म्हणजे ओढ त्या दाराची होती. कुणालाही, मागे वळून न बघता, 'दार लावा' म्हणता येईल अशी जगात एक नोकरी आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

फोटोग्राफर मंगळवारी आला. त्याने आजवर बिस्किटं आणि टूथपेस्ट यांचं काम केलं होतं आणि विज्ञानाबद्दल त्याला आदर होता.

"मॅडम, ते खरं वजन बाहेर आणा ना."

"ते बाहेर येत नाही."

"फार जड आहे का?"

"एक किलो आहे."

"मग?"

"त्याला हात लावायचा नसतो."

"मग ते काय कामाचं?"

हा प्रश्न तराजूबाईंना सासूबाईंनीही विचारला होता.

शेवटी तोडगा फोटोग्राफरनेच काढला. भांडाराचं दार आपोआप बंद होऊ नये म्हणून तिथे एक ठोकळा लावलेला असे. कार्यशाळेतल्या कुणीतरी कधीकाळी लेथवर काढलेला, गोल, वर धरायला गाठ. फोटोग्राफरने तो उचलला, पँटला पुसला आणि म्हणाला, "वजनासारखंच दिसतंय." दिसत होतं खरं.

तराजूबाईंनी सवयीने हातमोजे चढवले.

"हातमोजे नको मॅडम. भांडी घासायला निघाल्यासारखं वाटतं."

"वजन हातमोज्यांनीच धरतात."

"पण हे वजन कुठंय? दाराचा ठोकळा आहे."

तराजूबाईंनी हातमोजे काढले. मग चष्मा गेला. "दिसत नाही? उत्तम. जरा वर बघा, लांब. स्वप्नाळू दिसतं." मग नखांना लाल रंग आला, कारण पोलाद करडं, कोट पांढरा, फोटोत कुठेतरी जीव हवा. कोटाची कड गुलाबी होती. ती समितीनेच ठरवली होती, तीन बैठकांत. तराजूबाई पाऊण तास हसल्या. त्याच्या आधीचं आख्खं वर्ष धरलं तरी एवढं भरलं नसतं.

पोस्टर चारशे शाळांत गेलं. वर लिहिलं होतं, 'तिच्या हातात एक किलो स्वप्नं!' आणि खाली, बारीक अक्षरांत, 'छायाचित्रात: संस्थेचं मूळ संदर्भ-वजन.' ही ओळ संचालकांची. अनावरणाला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "हे खरं आहे का हो?" आणि संचालक मंचावरून, माइकमधून म्हणाले, "साहेब, आमच्याकडे खोटं काहीच नसतं."

संचालक वाईट गृहस्थ नव्हते. बायकांना संधी मिळाली पाहिजे असं त्यांना मनापासून वाटे. ती चालू कामाच्या वेळेत मिळू नये, एवढीच त्यांची अट असे.

घरी पहिली प्रतिक्रिया भाचीची आली. भाची म्हणजे थोरल्या बहिणीची मुलगी. ज्या वर्गाने चित्रं काढली त्याच वर्गात होती आणि शाळा सुटल्यावर मावशीकडे येऊन डबा फस्त करायची.

"मावशी, तुझं पोस्टर लागलंय. फळ्याच्या शेजारी."

"मग? काय म्हणाल्या मुली?"

"विचारत होत्या, ही बाई कसली जाहिरात करतेय? अर्ध्या म्हणाल्या साबण. मी म्हटलं, माझी मावशी आहे, तर म्हणाल्या, तुझी मावशी साबण विकते?"

"आणि मुलींना शास्त्रज्ञ व्हावंसं वाटलं का?"

"एक जण म्हणाली, एवढं हसावं लागत असेल तर नको बाई." भाचीने डब्यातलं शेवटचंही संपवलं. "पण तुझे हातमोजे कुठे गेले?"

तराजूबाईंचा चमचा हवेत थांबला. चारशे शाळांत, हजारो डोळ्यांत, हा प्रश्न पहिल्यांदा इथे आला होता.

"तुला कसं कळलं हातमोजे लागतात?"

"तूच मला पाचवीत ओरडली होतीस ना, झाकणाला बोट लावलं म्हणून."

"आणि शास्त्रज्ञाचं चित्र काढा म्हटलं तेव्हा तू काय काढलंस गं?"

"मांजर."

"मांजर?"

"मग काय! टेबलावरची वस्तू ढकलली की पडते का, हे रोज तपासून बघतं. कालही पडली होती तरी आज परत बघतं. म्हातारा नुसता धूर काढतो."

"आणि मी?"

भाचीने प्रामाणिकपणे विचार केला. "तू वजनं करतेस," ती म्हणाली.

हातमोज्यांचा प्रश्न दुसऱ्यांदा आला तो टपालाने. देशभरातल्या प्रयोगशाळांना मान्यता देणारं एक मंडळ होतं. तिथल्या कुणाच्या तरी मुलीच्या शाळेत पोस्टर लागलं असावं. पत्र चार ओळींचं होतं: संदर्भ-वजन उघड्या हाताने धरल्याचं छायाचित्र पाहण्यात आलं. खुलासा करावा. तोवर वजन विभागाची मान्यता स्थगित. परीक्षक सोमवारी येतील.

तराजूबाईंनी तिथल्या तिथे खुलासा लिहिला: फोटोतली वस्तू भांडाराच्या दाराचा ठोकळा आहे. संचालकांनी तो वाचला, घडी केली आणि खणात ठेवला.

"मॅडम, मी मंचावर सांगितलंय हे खरं आहे म्हणून. पाहुण्यांसमोर. माइकमधून."

"पण ते खरं नाही, सर."

"म्हणून आता दाराचा ठोकळा म्हणायचं? चारशे शाळांत मुली कशाकडे बघून स्वप्नं बघतायत, ठोकळ्याकडे?"

"हो."

संचालकांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग त्यांचा चेहरा उजळला. "हातमोजे होते असं लिहू. त्वचेच्या रंगाचे."

"सर, असे हातमोजे नसतात."

"विज्ञानात अशक्य असं काही नसतं. सही करा."

"नाही करणार."

"मग मी करतो. तुम्ही फक्त गप्प राहा." त्यांचा आवाज मऊ झाला, मऊ आवाजाचीच तराजूबाईंना धास्ती होती. "गप्प राहिलात तर पुढच्या महिन्यात विभागप्रमुख. बोललात, तर मला वाटतं तुमचा खरा उपयोग जनसंपर्क विभागात होईल. पहिल्या मजल्यावर. खिडकी आहे तिथे. शाळाशाळांतून जायचं, भाषणं द्यायची. चेहरा ओळखीचा झालाच आहे तुमचा."

तराजूबाई खाली आल्या आणि बाहेरच्या खोलीत दुर्बिणीपाशी नुसत्या बसून राहिल्या. मान्यता स्थगित, म्हणजे मोजायला काही नव्हतं. गप्प राहिलं तर खोली राहील, पण त्या वजनाला त्यांचा हात लागला असा संशय कायमचा राहील. आणि त्या खोलीत संशय राहायला लागला तर मोजायचं काय? बोललं तर वजन स्वच्छ राहील, त्या मात्र पहिल्या मजल्यावर, खिडकीशेजारी, जन्मभर हसत.

सोमवारी परीक्षक आल्या. सत्तरीला टेकलेल्या, केस आखूड, हातात वजनाची लाकडी पेटी. ती त्यांनी कुणालाही उचलू दिली नाही. तराजूबाईंनी त्यांना पाठीवरून ओळखलं. कॉलेजातल्या त्या दिवशी समोरून त्यांना पाहायला मिळालंच नव्हतं.

संचालक हार-तुरे वगळता सगळी तयारी करून उभे होते. त्यांनी खरेदी विभागाकडून चार दुकानं पालथी घालून त्वचेच्या रंगाचे हातमोजेही मिळवले होते. नाटकवाल्यांच्या दुकानात मिळाले.

"हेच ते," संचालक म्हणाले.

परीक्षकांनी हातमोजे पाहिले. मग पिशवीतून घडी केलेलं पोस्टर काढलं, पसरलं, जवळ धरून पाहिलं.

"याला नखं आहेत," त्या म्हणाल्या.

"अं?"

"फोटोतल्या हातमोज्यांना नखं आहेत. लाल रंगवलेली. ही जोडी बिननखांची आहे."

संचालक हसले. पोस्टरमधल्यासारखंच, वर लांब बघत.

"आधी वजन पाहू," परीक्षक म्हणाल्या आणि आत गेल्या. संचालक मागोमाग निघाले. परीक्षकांनी मान वळवली नाही.

"दार लावा."

संचालकांनी दार लावलं. बाहेरच्या बाजूने.

खोली स्थिर व्हायला दोन दिवस गेले. बुधवारी शाळेला सुट्टी होती आणि ताई कामावर, म्हणून भाची मावशीबरोबर आली. तिला बाहेरच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं आणि 'हलायचं नाही' एवढंच सांगितलं. ती साडेचार तास हलली नाही. ही गोष्ट ताईला पुढे कधीच पटली नाही.

त्या साडेचार तासांत जे घडलं ते सांगण्यासारखं नाही. दोन बायका आळीपाळीने दुर्बिणीला डोळा लावत होत्या आणि आकडे बोलत होत्या. एक म्हणे, दुसरी लिही. चुकलं की "परत." पुन्हा चुकलं की "परत." कुणी हसलं नाही. एकदा तराजूबाईंनी आकडा सांगितला तेव्हा परीक्षक म्हणाल्या, "तुमचा श्वास लागतोय काचेला," आणि तराजूबाई चक्क लाजल्या.

तीनच्या सुमाराला परीक्षकांनी वही मिटली. संचालकांना बोलावलं.

"वजन बदललेलं नाही," त्या म्हणाल्या.

"वा! म्हणजे झालंच तर!"

"झालं नाही. ठसा पुसताही येतो. पुसलेलं वजन मला चालत नाही, न लावलेला हात चालतो." त्या तराजूबाईंकडे वळल्या. "तुम्ही सांगा. फोटोत काय आहे?"

संचालकांनी घसा खाकरला. खाकरण्यात पहिला मजला होता, खिडकी होती, चारशे शाळा होत्या. तराजूबाईंनी एकदा आतल्या बंद दाराकडे पाहिलं.

"भांडाराच्या दाराचा ठोकळा," त्या म्हणाल्या. "खुलासा मी लिहिला होता. तो सरांच्या खणात आहे. वरून दुसऱ्या."

संचालकांच्या तोंडून नुसता "मॅडम—" एवढाच शब्द निघाला.

"ठोकळा आणा," परीक्षक म्हणाल्या.

तराजूबाई उठायच्या आत भाची स्टुलावरून उतरली. दाराशी थांबली, मागे आली, मावशीच्या टेबलावरचे हातमोजे उचलून घातले. तिच्या हातांना ते कोपरापर्यंत आले. पाच मिनिटांनी ती ठोकळा घेऊन परतली, दोन्ही हातांनी, अंगापासून दूर धरून, तोंड एका बाजूला वळवून.

"अगं, दाराचा ठोकळा आहे तो," संचालक म्हणाले. संस्थेच्या इतिहासात हे त्यांचं पहिलं खरं अधिकृत निवेदन ठरलं; परीक्षकांनी ते शब्दशः लिहून घेतलं.

"तोंड का वळवलंस?" त्यांनी भाचीला विचारलं.

"श्वास लागू नये म्हणून."

परीक्षकांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. ठोकळा साध्या काट्यावर ठेवला. सातशे त्रेचाळीस ग्रॅम भरला. भाची आत आली तेव्हा बाहेरचं दार अर्धवट उघडं राहिलं होतं आणि संचालक त्यातच उभे होते, आत की बाहेर हे ठरत नसल्यामुळे.

"काका," भाची म्हणाली. ती काट्याकडे बघत होती. तिने मान वळवली नाही. "दार लावा."

अहवाल महिन्याभरात आला. वजन विभागाची मान्यता पूर्ववत झाली. एक अट होती: संदर्भ-वजन सांभाळणाऱ्या व्यक्तीची बदली पुढील सूचनेपर्यंत करू नये. पुढील सूचना आजतागायत आलेली नाही, त्यामुळे तराजूबाई तळमजल्यावरच आहेत. विभागप्रमुख शेजारच्या लांबी विभागातले एक गृहस्थ झाले. त्यांनी कधी कुठल्या फोटोत उभं राहण्याची चूक केली नव्हती. पोस्टरवरची बारीक ओळ काढून टाकायचं समितीने एकमताने ठरवलं आणि कुणी काढायची यासाठी उपसमिती नेमली.

भाची आता बुधवारी येते. स्टुलावर बसते. परवा तिने एक आकडा तराजूबाईंच्या आधी वाचला आणि तो बरोबर निघाला, तेव्हा तराजूबाई म्हणाल्या, "परत वाच."

वर्षअखेरीस मोहिमेचा परिणाम तपासण्यासाठी त्याच साठ मुलींना पुन्हा शास्त्रज्ञाचं चित्र काढायला दिलं. एक्कावन्न जणींनी म्हातारा काढला. तिघींनी म्हातारा आणि कपबशीवाली बायको. पाच जणींनी लाल नखांची हसरी बाई काढली आणि दोघींनी तर तिच्या हातात साबण दिला. उरलेल्या एका चित्रात कुणीतरी पाठमोरं होतं: दुर्बिणीला डोळा, कोपरापर्यंत हातमोजे, मागे बंद दार. चेहरा दिसत नसल्यामुळे पुरुष की बाई हे ठरेना. समितीने बराच वेळ चित्र फिरवून पाहिलं आणि ते 'इतर' या रकान्यात टाकलं.

'इतर' मागच्या वेळीही एकच होतं.